वल्लरी मॅडमच्या समोरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. बारामतीत वल्लरी मॅडमची समुपदेशनाची खोली आहे ना, तिथं त्यांच्या समोर असते, तीच. एक गोष्ट सांगते, पण नावं बदलून. मॅडमचा तसा दंडक आहे.

सागवानी आहे मी, प्लॅस्टिकची समजू नका. सुताराकडून निघाले ती थेट मंगल कार्यालयात. बारा वर्षं रुसलेल्या पाहुण्यांना बसवून घेतलं. तोंडानं ‘छे, राग कसला’ म्हणायचे आणि माझे हात असे आवळायचे! माणसाचे हात वाचायला मी तिथंच शिकले. पुढं गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि मी अडगळीत. तिथून मॅडमनी मला आणलं, पॉलिश केलं.

मॅडम सल्ला देत नाहीत. समोरचा गप्प बसला तर त्याही गप्प बसतात. सुरुवातीला वाटायचं, ही बाई करते तरी काय? राजेश्वरी आली तेव्हा कळलं.

राजेश्वरी शेळगावची. सोबत नवरा इंद्रजित, त्याच्या कडेवर सात महिन्यांची लेक. लेकीला उचलायला गेलं की राजेश्वरीचे हात लुळे पडत. तपासण्या झाल्या, दोष सापडेना. महिन्याभरात फरक पडला नाही, तर पोर भिगवणला नणंदेकडं, प्रगतीकडं द्यायची, असं घरात ठरलं होतं.

“आमच्या आक्काच परत आल्यात ही,” इंद्रजित कौतुकानं म्हणाला. आक्का म्हणजे त्याची आई. त्या गेल्या आणि दोन महिन्यांनी ही जन्मली, म्हणून सगळे हिलाच आक्का म्हणत.

“तुमचं आणि सासूबाईंचं कसं होतं?” मॅडमनी राजेश्वरीला विचारलं.

“लई चांगलं. माज्या मनात काय बी न्हाय,” ती म्हणाली आणि तिनं माझे हात आवळले. लुळे हात असे आवळतात होय?

“मनात न्हाय, मग हाताला झालंय काय?” इंद्रजित वैतागला.

“पळसदेवचं जुनं देऊळ धरणाच्या पाण्याखाली असतं. दिसत नाही म्हणून नाहीच, असं म्हणाल का?” मॅडम म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला मॅडमनी इंद्रजितला पोरीला सतरंजीवर ठेवायला सांगितलं. राजेश्वरी तिला उचलायला वाकली, डोक्यावर पदर घेतला, हात पुढं केले. हात तसेच खाली पडले. हे मी तिन्ही खेपांना बघितलं होतं, पण माझ्या टाळक्यात काही शिरलं नव्हतं.

“राजेश्वरी, इतका वेळ पदर खांद्यावर होता,” मॅडम हळूच म्हणाल्या. “आत्ता कुणासाठी घेतलात?”

“म्या? कुठं?” तिनं डोक्याला हात लावला. हात तिथंच राहिला. “आक्कांच्या म्होरं घ्यायची मी.”

मग ती बोलत सुटली. आक्का दोन वर्षं अंथरुणावर होत्या. उचलून बसवणं, अंघोळ, सगळं हिच्याच हातांवर. पोटुशी असतानाही. एक दिवस हिची कंबर धरली आणि मनात आलं, सुटू दे बाई आता मला.

“दुसऱ्याच दिवशी गेल्या ओ. मी ते इसरलेच होते. आन सगळी म्हणत्यात, त्याच परत आल्यात. कुठल्या तोंडानं उचलू?”

मॅडमनी तिला रडू दिलं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “तुम्ही दमला होतात. दमलात तरी उचललंत त्यांना.” त्या दिवशी मला मॅडमचा फार अभिमान वाटला.

जादू काही झाली नाही. आणखी चार खेपा झाल्या. महिना संपला त्या दिवशी प्रगतीच आली, लेकराचे कपडे न्यायला पिशवी घेऊन. सतरंजीवर पोर रडायला लागली. प्रगती उठणार, तोच मॅडमनी नजरेनं तिला थांबवलं.

राजेश्वरी माझ्यावरून उठली. हात पदराकडं गेला आणि मध्येच थांबला. पदर खांद्यावरच राहिला.

“राजनंदिनी,” ती म्हणाली. हे नाव दाखल्यावर होतं, घरात कुणी घेत नव्हतं. “ये गं माजी बाय.” आणि तिनं लेकीला उचललं. उचलून माझ्यावर येऊन बसली. इंद्रजित भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होता. प्रगतीनं पिशवीची घडी घातली.

एवढ्यात राजनंदिनीबाईंनी मला भिजवलं. पार पॉलिशपर्यंत.

तो डाग अजून आहे. आता माझा एक पाय डुगडुगतो, रंगही गेलाय. परवा मॅडम म्हणाल्या, हिला पुन्हा पॉलिश करून घेऊ. घ्या की मॅडम, पण तेवढी जागा सोडून.