कबुतरांचा डबा

मुरलीधररावांना आयुष्यात दोनच गोष्टी चोख लागायच्या, विम्याच्या कागदावरची सही आणि ताटातला भात. भात कसा, तर शीत न् शीत सुटं. वाढताना जरा डावाला चिकटला, की स्वारीचं तोंड वाकडं झालंच म्हणून समजा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सुधाताईंनी आपल्या भोरच्या पद्धतीनं आसट, मऊ भात वाढला, तर हे म्हणाले, "घरात कुणी आजारी आहे का?" झालं! त्यानंतर अठ्ठावीस वर्षं, बदलीच्या पाच गावांत आणि आता जयपुरात शास्त्रीनगरच्या भाड्याच्या घरात, त्या माउलीनं मोकळ्या भाताशिवाय दुसरा भात नवऱ्याच्या पानात पडू दिला नाही.

आणि २००४ च्या सप्टेंबरात त्याच सुधाताई टायफॉइडनं आडव्या झाल्या. ताप उतरला, पण अन्नावरची वासना पार उडाली. डाळीच्या वासानं मळमळायचं, म्हणून खिचडी नको. दलिया घशाखाली उतरेना. दुधाचं तर नावच काढायला नको. मुरलीपुऱ्याहून ओळखीच्या मंदाकिनीबाई पोळीचा कुस्करा घेऊन आल्या, तोही तसाच परत गेला. सोमवारी डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. "शनिवार तक खाना शुरू नहीं हुआ, तो भरती करना पड़ेगा."

डॉक्टर गेल्यावर सुधाताईंनी नवऱ्याचा हात धरला. "मला नका हो तिथं ठेवू."

"अगं, मग काय खाशील ते तरी सांग!"

"नुसता भात चालेल थोडा."

एवढंच ना? मुरलीधररावांनी आठवड्याची रजा टाकली आणि बाह्या सरसावल्या. आता या गृहस्थांनी जन्मात कधी चहासुद्धा केलेला नव्हता. भाताला नावं ठेवणं निराळं आणि भात करणं निराळं, हे त्यांना मंगळवारीच कळलं. खाली करपलेला, वर कच्चा, मधे दोन्ही. बुधवारी ते गल्लीच्या तोंडाशी खंडेलवालजींच्या दुकानात गेले आणि त्यांच्याकडून सगळं नीट विचारून आले. अर्धा तास तांदूळ भिजवायचा, आधण भरपूर, त्यात चार थेंब लिंबू, कण शिजला की पाणी काढून टाकायचं आणि झाकण घालून मुरवायचा. त्या दिवशी बरा झाला. गुरुवारी तर असा झाला म्हणता! लांबसडक, पांढराशुभ्र, एक शीत दुसऱ्याला शिवत नव्हतं. मुरलीधरराव ताट घेऊन निघाले ते नवरदेवासारखे.

सुधाताईंनी चार घास चावले, चावले, आणि ताट सरकवलं. "छान झालाय हो. पण नाही जात."

चार घास! मुरलीधरराव ओट्यापाशी उभे राहून उरलेला भात स्वतःच खाऊ लागले. इतका सुरेख भात, आणि त्यांना तो गोड लागेना. ती गेली तर, असं मनात आलं आणि त्यांनी घाईघाईनं नळ सोडला.

शुक्रवारी सकाळी नेहमीप्रमाणं ते कबुतरांना दाणे घालायला गच्चीवर जाणार होते. फळीवर मागच्या बाजूला एक पत्र्याचा डबा असायचा, तांदळाच्या कणीचा. मागं कधीतरी त्यांनी विचारलं होतं, "ही कणी कशाला आणून ठेवलीयस?" तेव्हा सुधाताई म्हणाल्या होत्या, "असू दे, कबुतरांना होते." जयपुरात घरोघरी कबुतरांना दाणे घालतात, त्यात काय नवल! त्यामुळे ती आजारी पडल्यापासून तिचा नेम मोडू नये म्हणून मुरलीधरराव रोज सकाळी दोन मुठी कणी गच्चीवर फेकत होते. तेवढंच पुण्य, म्हणे. आज डबा उघडला तर तळ दिसला.

पिशवी घेऊन ते कणी आणायला खंडेलवालजींकडे गेले. "दो किलो टुकडी दे दीजिए. कबूतरों के लिए."

खंडेलवालजींनी चष्म्यावरून पाहिलं. "कबूतरों के लिए टुकडी? बाबूजी, उनके लिए बाजरा ले जाइए. टुकडी तो भाभीजी अपने लिए ले जाती हैं. छाँटकर, बढ़िया वाली. कहती हैं, दोपहर में अकेली होती हूँ, तो अपना नरम भात बना लेती हूँ."

मुरलीधररावांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. दुपारी ते ऑफिसात, डब्यातला सुटा भात खात, आणि इकडे ही बाई छोट्या पातेल्यात स्वतःपुरता मऊ भात शिजवून एकटी जेवत होती. संध्याकाळी नवरा यायच्या आत पातेलं घासून पालथं. आणि आपण? आजारी बायकोचं जेवण रोज दोन मुठींनी गच्चीवर उधळलं, आणि तिला म्हटलं, बघ, भात कसा मोकळा झालाय!

"एक किलो टुकडी," ते म्हणाले. "बढ़िया वाली. और बाजरा भी."

घरी येऊन त्यांनी ते छोटं पातेलं शोधून काढलं. कणी धुतली, पाणी घातलं, आणखी घातलं, मग भीत भीत आणखी घातलं. मंद आचेवर रटरटू दिलं आणि ढवळत राहिले. भिजवणं नाही, काढणं नाही, मुरवणं नाही. जे जे आजवर नावं ठेवून टाळलं, ते ते सगळं केलं. भात डावाला असा बिलगला की बस. वर साजूक तुपाची धार, मीठ, आणि भोरहून आलेल्या बरणीतलं चिमूटभर मेतकूट.

ताटली पुढं आली तशा सुधाताई उशीवरून जरा उठल्या. भाताकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कबुतरांनी."

सुधाताई हसल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मग घास घेतला. चावावा लागलाच नाही, आपोआप गेला. दुसरा गेला, तिसरा गेला.

"आजारात तरी सांगायचंस ना," मुरलीधररावांचा आवाज चिरकला. "चार दिवस मी वेड्यासारखा..."

"तुम्ही एवढ्या हौसेनं करत होतात. कसं सांगायचं?"

"अगं वेडे!" ते म्हणाले आणि पंच्यानं डोळे पुसले. ताटली रिकामी झाली होती. सुधाताईंनी ती पुढं केली.

"आहे का अजून?"

शनिवारी डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि भरती करायचं नाव न काढता चहा पिऊन गेले. पुढच्या रविवारी सुधाताई स्वतः स्वयंपाकघरात आल्या. पाहतात तो कणीचा डबा पुढच्या फळीवर, मागं बाजऱ्याचा, आणि गॅसवर मोठ्या पातेल्यात मऊ भात रटरटतोय. मुरलीधररावांनी दोन पानं घेतली आणि दोन्ही पानांत तोच वाढला.

सुधाताईंनी त्यांच्या पानाकडं पाहिलं. "काय हो, घरात कुणी आजारी आहे का?"

"नाही," मुरलीधरराव म्हणाले, "आता कुणी नाही." आणि स्वतःला आणखी एक डाव वाढून घेतला.