पाठवणीची पेटी

"पोरगी चालली एटापल्लीच्या पल्याड, अन् इथी साऱ्याइले चिंता काय, तं पेटीवर धूळ नाई पाहिजे."

केसरबाई माझ्या अगदी अंगावर वाकून पुटपुटत होत्या. चर्चमध्ये दुसरं कुणी नाही असं त्यांना वाटत होतं. मी होते, पण मला कुणी माणसात धरत नाही. ओलं फडकं माझ्या पट्ट्यांवरून जरा जास्तच जोरात फिरत होतं. भात्यात थोडा वारा राहिला होता, म्हणून मधली एक पट्टी हुंकारली, तशा त्या दचकल्या. मग माझ्याकडेच रागानं पाहून म्हणाल्या, "तू तं चूपच राह्य."

मित्रांनो, मी एक जुनी हार्मोनियम आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, मला सगळे पेटीच म्हणतात. माजरीला कोळशाच्या खाणीजवळ कामगारांची कॉलनी आहे. तिच्या टोकाला पत्र्याच्या छपराचं एक लहानसं चर्च आहे, तिथं मी राहते. माझे सूर गुजरातेतून आले, नागपूरच्या एका कारागिरानं मला जोडलं, आणि माझं लाकूड म्हणजे आलापल्लीच्या जंगलातलं सागवान. झाड होते तेव्हा माझ्या सावलीत बायका कुठल्या बोलीत गात असत, ते मला आता आठवत नाही. पेटी झाल्यावर मला मराठी गीतं तेवढी येऊ लागली. याचं माझं मलाच नवल वाटतं. नवल वाटून घ्यायची मला सवयच आहे. चार भिंतींत बसून दुसरं करायचं तरी काय?

आमच्या मंडळीची एक रीत आहे. कुणी दूरच्या, वेगळ्या बोलीच्या गावी प्रभूच्या सेवेला जायला निघालं, की त्याची पाठवणी करतात. लेकीची करतात तशीच, रडारडीसकट. आणि सोबत मला देतात. माझ्यावर जी खोळ आहे, तिच्यात प्रत्येक घरचा एक तुकडा शिवलेला आहे. कुणाच्या साडीचा काठ, कुणाचा खाणीतला खाकी सदरा, कुणाच्या शाळेच्या गणवेशाची बाही. म्हणजे एक माणूस गेला तरी सगळी मंडळी त्याच्याबरोबर गेली, असा त्याचा अर्थ. पेटी वाजली म्हणजे आम्ही सगळे तिथं गायलो, असं म्हातारी माणसं म्हणत.

दहा वर्षांपूर्वी सुनिल आणि त्याची बायको निशा यांची अशी पाठवणी झाली, एटापल्लीच्या पलीकडं, माडिया आदिवासींच्या एका गावी. सुनिल खाणीच्या वर्कशॉपात वेल्डर होता. नोकरी सोडून निघाला म्हणून घरच्यांनी त्याला वेड्यात काढलं, पण मंडळीला त्याचा फार अभिमान. त्यांची तयारी सहा महिने चालली. पाळकसाहेबांनी शास्त्र शिकवलं. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं मलेरियाची तपासणी शिकवली. मंडळीत गाणं शिकवणाऱ्या प्रफुल्ल सरांनी रोज संध्याकाळी सुनिलला माझ्यासमोर बसवलं आणि वीस गीतं पक्की करून घेतली. तिथली माडिया बोली शिकवायला माजरीत कुणी नव्हतं. ती तिथं गेल्यावर येईलच, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

त्या गावाचं नाव मी सांगत नाही. त्यांना विचारलेलं नाही. पक्की सडक संपल्यावर दोन नाले लागतात, त्यांच्या पलीकडं ते आहे. तिथल्या लोकांचे देव त्यांचे, सण त्यांचे. लच्छू नावाचे एक वयस्क गृहस्थ होते. गावात नवा माणूस राहायचा तर त्यांना विचारावं लागे. त्यांनी हो म्हटलं आणि आपल्या शेजारची जागा दाखवली.

पहिल्याच रविवारी सुनिलनं मला अंगणात बाजेवर ठेवलं. आख्खं गाव पाहायला आलं. मुलं भाता हलवायला भांडली. लच्छूभाऊंनी वाकून माझ्या मागच्या फटीला डोळा लावला आणि आत श्वास कोण घेतं ते कितीतरी वेळ पाहिलं. इतक्या आदरानं माझ्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं. सुनिलनं पाच गीतं म्हटली. लोकांनी ती सगळी ऐकली, नवी मोटर चालू केल्यावर ऐकतात तशी. मग आपापल्या कामाला गेले. पुढच्या रविवारी चारच मुलं आली, आणि त्यांनाही फक्त भाता हवा होता.

आणि मग ती गोष्ट घडली, मित्रांनो. शेजारच्या सुकरीबाईची सासू वारली. आमच्या माजरीत कुणाच्या घरी मयत झाली, की चहाची किटली पोचायच्या आधी पेटी पोचते. पोटभर गातात, त्यानं घरच्यांना धीर येतो. सुनिलला हेच ठाऊक. त्यानं मला उचललं आणि धावतच नेलं. आत बायका म्हातारीभोवती बसून गात होत्या. त्या गावात मेलेल्या माणसाचं गाणं असतं. ती कुठल्या गावची, कुणाची लेक, कुठून लग्न होऊन आली, काय काय पेरलं, सारं त्यात येतं. म्हातारी आपल्या आधी गेलेल्या माणसांपाशी पोचेपर्यंत ते थांबवत नाहीत. सुनिलला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, बायका रडताहेत. त्यानं मला दारात ठेवलं आणि धीर द्यायला गीत सुरू केलं. माझा आवाज मोठा. पत्र्याच्या छपराखाली वाढलेली मी.

बायका थांबल्या. गाणं मध्येच राहिलं.

कुणी भांडलं नाही. लच्छूभाऊ आले, त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि ते हळूच मिटलं. सुनिलची बोटं निघेपर्यंत थांबले, मग मिटलं. मला तो हात अजून आठवतो. पण त्या दिवसापासून आमच्या अंगणात कुणी येईना. निशा पाण्याला गेली, की विहिरीवरचं बोलणं थांबे. असं वर्षभर चाललं. निशा तेव्हा पोटुशी होती. तिच्याशी बोलायला घरात नवरा, आणि ऐकायला मी. ते मूल राहिलं नाही. याबद्दल मला याहून जास्त सांगवत नाही.

ते मूल गेलं, त्याच आठवड्यात सुकरीबाई आली. निशापाशी बसली. दुसऱ्या दिवशीही आली. मग निशा तिच्या अंगणात जाऊन बसू लागली, धान कांडू लागली, मोहफुलं वेचायला जाऊ लागली. बोली अशी आली, कांडता कांडता. सुनिलही शेतावर जाऊ लागला. त्यांच्या प्रार्थनेला कुणी बसलं तर बसलं, कुणी नाही बसलं तर नाही. जे बसत, ते येशूची गोष्ट आपल्या चालीत गात. ती चाल माझ्या पट्ट्यांत बसणारी नाही. दोन पट्ट्यांच्या मधून ती निघून जाते. माळ्यावर धानाच्या कोठीमागं पडून मी ती फार कान देऊन ऐकत असे. हो, माळ्यावर. मयतीच्या दिवसापासून मी तिथंच होते.

पण माजरीहून येणाऱ्या प्रत्येक पत्रात पहिली चौकशी माझीच असे. पेटी कशी आहे, वाजते ना? सुनिलनं पहिल्यांदा लाजेनं लिहिलं, वाजते. एकदा तसं लिहिल्यावर दुसऱ्यांदा वेगळं काय लिहिणार? एकदा मंडळीनं फोटो मागितला. त्यानं मला खाली काढलं, पुसलं, भोवती मुलं बसवली, फोनवर फोटो काढला आणि पुन्हा वर ठेवलं. मुलं खुश होती, त्यांना बिस्किटं मिळाली. तो फोटो मोठा करून आमच्या चर्चमध्ये लावलेला आहे. खाली लिहिलं आहे, जंगलात गुंजले गीत.

मागच्या वर्षी सुनिलच्या आईनं अंथरूण धरलं आणि दोघं परत आले, माझ्यासकट. प्रफुल्ल सरांनी मला साफ करायला उघडलं. आत उंदरांनी घर केलं होतं. कोंडा होता, वाळलेली मोहफुलं होती, आणि भाता घडीतच कडक झाला होता. रोज वाजणाऱ्या पेटीत उंदीर बाळंत होत नाहीत, हे सरांना कळत नाही असं नाही. त्यांनी सुनिलकडे पाहिलं. सुनिलनं पंख्याकडे पाहिलं. सर म्हणाले, जंगलात उंदीर लई राहतात. आणि ब्रश मागवला. त्यानंतर मंडळीत बऱ्याच जणांना कळलं असावं. माझ्याजवळून जाताना ते हवापाण्याचं बोलू लागले, त्यावरून म्हणते.

आता त्याच गावी केसरबाईंची डिंपल निघाली होती. वय तेवीस, नर्सिंगची परीक्षा पास, एकटी. तयारीही तशीच झाली, शास्त्र, तपासणी आणि वीस गीतं. तिची बोटं सुरेख चालतात, मला तिचा हात आवडतो. पण माडियाचा एक शब्द तिला येत नाही. निशा शिकवते म्हणाली होती, तर पेटीच्या वर्गातून वेळच निघाला नाही. केसरबाई चर्च झाडायला येत, तेव्हा निशाला विचारत, "तिथचे लोक पेटी ऐकाले येत होते ना, बाई?" निशा म्हणे, चहा घेता का मावशी. नवऱ्याची लाज झाकायची, की या मुलीला आपलं ते वर्ष भोगू द्यायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं. माझी खोळ ती उगाचच पुन्हा पुन्हा सारखी करी, त्यावरून मला समजे.

रविवारी पाठवणीची उपासना झाली. डिंपलनं नवा तुकडा लावलेली खोळ काढून मला वाजवलं आणि ती छान गायली. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग म्हणाले, आता सुनिलभाऊंनी आपल्या हातानं पेटी तिच्या स्वाधीन करावी आणि दोन शब्द बोलावेत.

सुनिल पुढे आला. दोन्ही हात माझ्या झाकणावर ठेवून त्यानं नेहमीचं सुरू केलं, या पेटीनं तिथं फार मोठं काम केलं. लोक माना डोलवत होते. केसरबाई बायकांच्या बाजूला पुढच्याच सतरंजीवर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "माही एकच पोरगी आहे. तिथी ही वाजली का?"

पंखा फिरत होता. प्रफुल्ल सरांनी पुस्तकात डोकं घातलं. निशा मात्र सुनिलकडे पाहत राहिली आणि, सांगून टाक अशी, तिनं मान हलवली, एवढीशी.

सुनिलनं माझ्यावरचे हात काढले.

"दोन रविवार अंगणात वाजली, केसरबाई," तो म्हणाला. "मंग एकदा मयतीच्या घरी, अन् तीच शेवटची. अन् त्या बाईचं गाणं मी मोडलं, म्हणून निशासंग वर्षभर कोणी बोललं नाई. अन् ती सारी नऊ वर्षं मी तुम्हा साऱ्याइले खोटं लिहून राह्यलो. डिंपल, पेटी इथीच ठेव. सुकरीबाईच्या अंगणात जाऊन बस, अन् त्या काय गातात ते पह्यले आयक."