सतराव्या प्रकरणातली खटखट

पुस्तक वाचून दाखवणाऱ्यानं वाचून दाखवावं, ऐकणाऱ्याच्या वाट्याचं रडून घेऊ नये, असं शिवणवाल्या ताईंचं ठाम मत होतं. राजा पडला की रडणं हे ऐकणाऱ्याचं काम. पण काही महाभाग असे असतात, की राजा घोड्यावर नीट बसलेला असतानाच यांचा गळा दाटून येतो. मग ऐकणाऱ्यानं करायचं काय, त्यांना पाणी नेऊन द्यायचं?

अशी मतं ताईंकडे पोत्यानं होती. दिवसभर पायमशीनवर शाळेचे गणवेश आणि लोकांचे पडदे शिवायचे. डोळे सुईवर, हात कापडावर, पाय पट्टीवर, मोकळे राहिले ते फक्त कान. लेकीनं मोबाईलवर ऐकायची पुस्तकं लावून दिली आणि ताईंना ऐतिहासिक कादंबऱ्यांचं जे वेड लागलं, ते लागलंच.

"अगं, कधीतरी आजच्या काळातलं ऐक," सासूबाई म्हणायच्या.

"आजच्या काळात माणसं नुसते फोन करतात, सासूबाई. तलवार कोण उपसतंय?"

लढाई सुरू झाली की मशीनही पळायला लागायची. एका वेढ्याच्या प्रकरणात शिवलेल्या सगळ्या कॉलरी तिरक्या निघाल्या, त्या मुकाट्यानं उसवून पुन्हा शिवाव्या लागल्या. पण ताईंनी नाद सोडला नाही. उलट प्रत्येक प्रकरण संपलं की त्या 'स्पष्टवक्ती' या नावानं खाली आपलं मत लिहायच्या. 'राणीला सदा पडसं झालेलं असतं का? नाकातून का बोलते?' 'दुःखाच्या जागी बासरी वाजवू नका. दुःख आहे ते आम्हाला कळतं.' 'वंशावळ छापलेली असली तर पान उलटता येतं, कानात शिरली तर माणसानं जायचं कुठं?'

सध्या एका किल्लेदारणीची मोठी कादंबरी चालू होती. दुसरा भाग होता, तिसरा यायचा होता. वाचणारा ताईंचा अगदी लाडका. भरदार आवाज, कुठं थांबावं ते नेमकं कळणारा. पण लाडका म्हणून सवलत नाही. लाडानं पोरं बिघडतात.

सतराव्या प्रकरणात किल्लेदारीण अंधारात दाराला कान लावून उभी राहते. सगळीकडे सामसूम. ताईंनीही श्वास रोखला, मशीन थांबवली. आणि त्या सामसुमीत कुठूनतरी बारीक खटखट ऐकू आली. ताईंनी आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं, पाय तर स्थिर होता. म्हणजे आवाज पुस्तकातलाच. झालं, ताईंचं डोकं फिरलं. 'चाहूल नाही म्हणता आणि मागं खटखट कसली? गडावर कारखाना काढलाय का? ऐकणारे बहिरे नाहीत. हे प्रकरण पुन्हा वाचा,' असं लिहून टाकलं आणि मन हलकं करून त्या पडद्याकडे वळल्या.

महिनाभरानं घरमालकीण मावशींनी ताईंना खाली बोलावलं. तिथं खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आधीच येऊन बसले होते. ताई त्यांना मनातल्या मनात 'खालचा खाष्ट' म्हणायच्या. मशीन जोरात चालली की ते झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचे. जिन्यात भेटले तर नुसती मान हलवायचे आणि बोललेच तर घशातल्या घशात कुजबुजायचे. दोन वर्षांत ताईंनी त्यांचा धड आवाज ऐकला नव्हता.

"हे बघ गं," मावशी म्हणाल्या, "यांचं म्हणणं आहे, तुझ्या मशीनमुळे यांचं काम जायची वेळ आलीय. मशीन हलवावी म्हणतात."

मशीन हलवायची म्हणजे घर हलवायचं. आधीच्या दोन घरांतून मशीनपायीच निघावं लागलं होतं. सासूबाईंना आणि मशीनला घेऊन आता तिसऱ्यांदा कुणाच्या दारात उभं राहायचं?

"मावशी, पोटावर पाय देऊ नका," त्या म्हणाल्या. "आणि यांचं असं कुठलं काम आहे, जे माझ्या मशीननं बिघडतं?"

गृहस्थांनी मोबाईल पुढे केला आणि बटण दाबलं. भरदार आवाजानं खोली भरली. "किल्लेदारीण दाराला कान लावून उभी राहिली. कुठंही चाहूल नव्हती." आणि मागं खट-खट-खट-टक. खट-खट-खट-टक.

"चाहूल नाही कशी? ही तर आपली मशीन," मावशी म्हणाल्या.

खटखट मशीनचीच होती. तो शेवटचा 'टक' म्हणजे पट्ट्याचा सांधा चाकावरून जायचा तो. स्वतःचं घोरणं स्वतःला ओळखू येत नाही, तसं झालं होतं. पण ताईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या गृहस्थांच्या गळ्याकडे बघत राहिल्या.

"हा आवाज तुमचा?"

"घशावर पोट आहे," ते कुजबुजले. "म्हणून एरवी जपून वापरतो. कपाटात गोधड्या लावून आत बसून वाचतो. तरी मशीन आत येतेच. कुणी एक स्पष्टवक्ती आहे, तिनं लिहिलं, गडावर कारखाना काढलाय का म्हणून. कंपनीनं ते वाचलं. पुन्हा आवाज आला तर तिसरा भाग दुसऱ्याकडे जाईल."

आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो हाच. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलंही नसतं. पण गप्प राहणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"ते मी लिहिलं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही?" गृहस्थ कुजबुजायचं विसरले. तो एक शब्द असा घुमला, की मावशींच्या हातातला चष्मा खाली पडला. "राणीला पडसं झालंय, ते पण तुम्हीच?"

"झालंच होतं. पुढं बरी झाली, तेही लिहिलंय मी."

"लिहिलंत. एक विचारू? अकराव्या प्रकरणात म्हातारी दाई जाते. त्यावर तुम्ही अक्षर लिहिलं नाहीत. रोज उघडून बघत होतो. वाटलं, आपलं फसलं."

"फसलं? अहो, मशीन थांबवून गिऱ्हाइकाच्या नव्या पडद्याला डोळे पुसले मी. माझी आई गेली तेव्हा मला असं रडायला सुचलं नव्हतं. लिहिणार काय, कपाळ?"

गृहस्थांनी मान खाली घातली.

"बरं, मग मशीनचं काय ठरवायचं?" मावशींनी विचारलं.

"राहू दे तिथंच," ते म्हणाले. "बाकीचे सगळे छान छान लिहितात, मावशी. ह्या गेल्या तर मला खरं कोण सांगणार? फक्त सकाळी मी वाचेन तेवढा वेळ बंद ठेवा."

"सकाळी काजं-बटणं हातानंच करते मी," ताई म्हणाल्या. खरं तर करत नव्हत्या. पण आता करणार होत्या.

तिसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण वाचायच्या दिवशी गृहस्थांनी कपाटाबाहेर खुर्ची मांडली आणि ताईंना बोलावून घेतलं. कपाटाचं दार थोडं किलकिलं ठेवलं. ताई मांडीवर गणवेशांचा ढीग घेऊन बसल्या. जगात कुणीही न ऐकलेलं प्रकरण त्या ऐकत होत्या, आणि पहिल्या बटणातच सुई अडकून राहिली होती.

प्रकरण संपलं. गृहस्थ घामाघूम होऊन बाहेर आले आणि निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे समोर उभे राहिले.

"बोला."

"सुरुवातीला घाई केलीत," ताई म्हणाल्या. "पुढचं ऐकायला मी उद्यापर्यंत कशी थांबणार, देव जाणे."

गृहस्थ घोटभर पाणी प्यायले, परत कपाटात शिरले आणि पहिल्या वाक्यापासून सावकाश वाचायला लागले.