पगार कमी करायचं शिक्षण

व्हर्नने मिरच्या भाजायच्या जाळीच्या पिंपात हिरव्या मिरच्यांचं अख्खं पोतं रिकामं केलं, कडी लावली आणि बर्नर पेटवला. जाळाचा घोंगाट सुरू झाला तशी लोरेटा त्याच्या कानाशी येऊन ओरडली,

"मला सुपरवायझर करतायत!"

"काय?"

"गोदामात! ताशी चार डॉलर जास्त!"

व्हर्नने बर्नर बंदच केला. एवढी गोड बातमी आणि बायकोचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

"मग रडतेस काय?"

"संध्याकाळची पाळी आहे, व्हर्न. कॉलेज सुटेल."

गावातल्या कम्युनिटी कॉलेजात ती वर्षभर मानसिक आरोग्याचा अभ्यासक्रम करत होती. दिवसभर गोदामात खोकी हलवायची आणि संध्याकाळी विशीतल्या पोरांशेजारी बाकावर बसायची. वय बावन्न. अजून एक वर्ष राहिलं होतं.

"बरं, पदवी मिळाल्यावर दवाखान्यात किती देतील?"

"आत्ता मिळतात त्यापेक्षा तीन डॉलर कमी."

व्हर्न हसला. हसू दाबावं असं त्याला वाटलं, पण तोवर उशीर झाला होता.

"म्हणजे फी भरून पगार कमी करून घ्यायचा! अगं, हे तर आपल्याला फुकटात जमलं असतं."

लोरेटाही हसली, पण अर्धवट. "तुझा हिशेब बरोबरच आहे. छप्पर गळतंय, तुझे गुडघे गेलेत. सोमवारी त्यांना सांगायचंय." एवढं बोलून ती पिशव्या उघडायला लागली. तिने हुज्जत घातली असती तर व्हर्नला बरं वाटलं असतं.

शनिवार होता. त्यांच्या प्वेब्लो गावात मिरचीच्या दिवसांतल्या शनिवारी मरायलाही फुरसत नसते. दहा वाजेपर्यंत बाजारातल्या त्यांच्या टेबलापुढची रांग पार रस्त्याला लागली. वर्षाच्या कमाईतला मोठा घास याच चार-पाच आठवड्यांत मिळायचा, त्यामुळे व्हर्न मान वर न करता पिंप फिरवत होता.

"व्हर्न, रांग पुढे सरकत नाहीये," मागून कोणीतरी म्हणालं.

रांगेच्या तोंडाशी रॉय माएस उभा होता. रॉय म्हणजे व्हर्नचा पिना पाडायच्या बोलिंगच्या खेळातला जुना जोडीदार, दिलदार आणि बडबड्या. गेल्या हिवाळ्यात त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याचं घर जळालं. रॉय दोनदा आत शिरला आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी बाहेर आला. तेव्हापासून तो खेळायला यायचा बंद झाला होता. आत्ता त्याने टेबलाची कड घट्ट धरली होती आणि डोळे जाळावर खिळले होते. ओठ पांढरे पडले होते.

"रॉय, लेका, किती देऊ?" व्हर्नने विचारलं.

रॉयला ऐकू गेलंच नाही.

लोरेटाने हातातली पिशवी खाली ठेवली. व्हर्नकडे न बघताच तिने तळहात खाली दाबला. बंद कर. त्याने बर्नर बंद केला. एकदम पसरलेल्या शांततेत रॉयचा श्वास सगळ्यांना ऐकू आला, धावून आलेल्या माणसासारखा. लोरेटा टेबलाला वळसा घालून गेली, त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून सरळ जमिनीवरच बसली.

"रॉय, मी लोरेटा. आपण बाजारात आहोत. आग विझलीय. बसतोस माझ्याजवळ?"

बऱ्याच वेळाने तो बसला. तिने त्याला हात लावला नाही, पाणी पाजलं नाही, की धीर धर म्हटलं नाही. पायाखाली काय लागतंय, वास कसला येतोय, असलंच काहीबाही विचारत राहिली आणि तो न बोलला तर थांबत राहिली. रांगेतली माणसं आधी कुजबुजली, मग काही जण घड्याळ बघत पलीकडच्या दुकानाकडे गेली. व्हर्नने त्यांना हाक मारली नाही.

"मला त्याचा आवाज येत होता," रॉय अखेर म्हणाला. "शेवटपर्यंत येत होता."

"हं," लोरेटा म्हणाली.

मग रॉय बोलत राहिला.

दुपारी तो उठला, दोन पिशव्या मिरच्या घेतल्या आणि लोरेटाने दिलेला दवाखान्याचा नंबर खिशात घालून गेला. पिंपातल्या मिरच्या अर्ध्या कच्च्याच गार झाल्या होत्या. व्हर्नने त्या ओतून टाकल्या.

"माझ्यामुळे धंदा बुडाला आज," लोरेटा म्हणाली.

व्हर्न पिंप खरवडत होता. "भेटला की मी त्याला प्रत्येक वेळी सांगायचो, सोड रे, बिअर पी, विसर," तो म्हणाला. "वीस वर्षांचा दोस्त मी. मला वाटायचं, मी मदत करतोय." गुडघे दुखत असूनही सगळी पोती त्या दिवशी त्यानेच उचलली.

सोमवारी लोरेटा कामावर गेल्यावर व्हर्नने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बस पकडली. दुपारी परतला तो स्वयंपाकघरात येरझारा घालत राहिला. काय सांगायचं ते त्याने मनात घोळवून ठेवलं होतं, पण दारात गाडी वाजली आणि सगळं विसरला.

लोरेटा आत आली. कोट अंगात, पर्स खांद्याला, तशीच उंबऱ्याशी उभी राहिली.

"व्हर्न, मी त्यांना 'नाही' म्हणून सांगून आलेय," ती एका दमात म्हणाली. "छपराचं काय करायचं मला माहीत नाही. तुला ओरडायचं असेल तर आत्ताच ओरड, सहाला माझा वर्ग आहे."

व्हर्नने खुर्चीच्या पाठीवरचा राखाडी सदरा उचलून अंगात घातला. खिशावर शाळेचं नाव शिवलेलं होतं. झाडलोट करणाऱ्यांचा असतो तसा सदरा, पोटावर थोडा घट्ट.

"ओरडायला वेळ नाही मला," बटणं लावत तो म्हणाला. "साडेपाचला हजेरी आहे. जाता जाता सोडतेस का?"