सासूबाईंनी धुतलेली साल

लग्नानंतर ती प्रयोगशाळेत परत आली, तेव्हा तिथे तिचं नावच 'सूनबाई' पडलं. त्या काळी लग्न झालेली बाई संशोधन करते म्हटलं, की लोक कौतुकाने हसत आणि ती कधी उठून जाते याची वाट बघत.

झाडांच्या सालींत जंतू मारणारं काही मिळतं का, हे सूनबाई शोधत होती. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि मधोमध सालीच्या अर्काचा थेंब ठेवायचा. जंतू मेले, तर थेंबाभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. सूनबाईच्या बशीत मात्र जंतू थेंबाला टेकून सुखाने नांदत. शेवटी सरांनी बजावलं, की आता एकच साल. तीही फुसकी निघाली, तर टेबल दुसऱ्याला.

सूनबाईने परसातल्या झाडाची साल काढून घरच्या गच्चीत वाळवली. तिच्या अर्काने एवढं मोठं वर्तुळ पाडलं, की जंतूंना बशीच्या कडेलाही थारा उरला नाही. सरांनी अर्क हुंगला आणि औषधी वास असल्याचं जाहीर केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथली फरशी रोज त्याच वासाच्या पाण्याने पुसली जाई, त्यामुळे तो कुणाच्याच नाकाला खटकला नाही.

दुसऱ्या दिवशी सर हे मोठ्या बैठकीत सांगणार होते. सूनबाईने घरी बातमी दिली, तशी सासूबाईंची कळी खुलली.

"मग! धुतली कुणी होती?" त्या म्हणाल्या. "मुंग्या काय, कावळ्यांची घाण काय, तशीच नेणार होतीस. चांगली बादलीभर फिनेलमध्ये बुडवून ठेवली मी."

म्हणजे जंतू मेले होते ते फिनेलने. तोंड मिटून राहिलं, तर टेबल वाचत होतं. नवऱ्याने तेच सुचवलं. पण सकाळी तिने सरांना बैठकीच्या दारातच गाठलं आणि सगळं सांगितलं. सरांनी हातातले कागद खिशात कोंबले आणि आत जाऊन भलत्याच विषयावर बराच वेळ बोलले. बाहेर आल्यावर म्हणाले, "न धुतलेली आणा."

तिने ताजी साल आणली. या वेळी वर्तुळ पडलं ते नखाच्या कोरीएवढं. सर भिंग लावून बघत राहिले.

"एवढंसंच आहे," ते म्हणाले. "पण झाडाचं आहे. टेबल असू द्या तुमच्याकडे."

सासूबाईंनी हे ऐकलं आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "होईल गं मोठं," त्या म्हणाल्या. "पोरं काय जन्मल्याबरोबर धावतात?"