श्रेणी 'अ', पुढच्या अंकापासून

देशातल्या जर्नलांना श्रेणी देणारी नवी सरकारी यादी सकाळी आली. मॅडमनी घाईघाईने त्यात आपला लेख छापणारं जर्नल शोधलं आणि कपाळाला हात लावला. जर्नल 'ब' मधून 'अ' मध्ये चढलं होतं!

मग नाचा की, असं कोणीही म्हणेल. पण नियम भलता वाकडा. लेख छापून येईल त्या दिवशीची श्रेणी धरायची. नवी यादी लागू पुढच्या महिन्यापासून, आणि मॅडमचा लेख याच महिन्यात. म्हणजे 'ब'. कॉलेजातल्या कायमच्या जागेला 'अ' जर्नलातला एक तरी लेख हवाच. जागा एकच, आणि मॅडम वर्षानुवर्षं कंत्राटावर. त्याच जागेवर डोळा असलेला काडी, म्हणजे शेजारच्या टेबलावरचा हडकुळा मास्तर. त्याचाही लेख त्याच अंकात. बुडलो तर दोघं बुडू, एवढाच दिलासा.

मॅडमनी जिन्यात जाऊन संपादकांना फोन लावला. "सर, माझा लेख पुढच्या अंकात घ्याल का?"

"अहो बाई, लवकर छापा म्हणून तुम्हीच ना माझं डोकं खाल्लंत? परवा तर रडलात फोनवर!"

"हो, पण..."

"पानं कमी पडत होती. म्हटलं, बाईंचा जीव टांगणीला लागलाय. तुमच्याच कॉलेजातल्या एकाला पुढच्या महिन्यात ढकललं आणि तुम्हाला बसवलं. आत्ताच वेबसाइटवर चढलाय. आता काही हलायचा नाही तो."

मॅडम पायरीवरच बसल्या. काडीला 'अ' मिळणार, आणि तोही त्यांच्याच रडण्यामुळे!

खोलीत आल्या तर काडी कीबोर्ड बडवत होता. सकाळपासून वर्गावर होता, यादीचा पत्ताच नव्हता त्याला.

"शाब्बास ताई! गोड बोलून अंकातली माझी जागा खाल्लीत ना? संपादकांनी कळवलंय सगळं. मला नको त्यांचा पुढचा अंक. लेखच परत मागतोय. हे बघा, लिहिलंसुद्धा."

मॅडम खुर्चीत बसल्या. काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं. त्यांनी बाटली उघडली, उगाच बंद केली. काडीचं बोट माउसवर गेलं.

"रडून लेख छापून आणतात म्हणे लोक," तो पुटपुटला.

"ए गाढवा!" मॅडम एवढ्या ओरडल्या की बाहेरचा शिपाई डोकावला. "पाठवू नकोस. आधी यादी बघ."

काडीने यादी उघडली. वाचली. तारीख पुन्हा वाचली. कान लाल झाले त्याचे. मग मान खाली घालून तो ईमेल खोडायला लागला. एकेक अक्षर, टक, टक, टक.

"ताई... मग तुमचं काय?"

"माझा आज छापून आलाय," मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या. "अभिनंदन तरी कर."