झाकण बसेना

प्रियदर्शनीनं झाकण आधी दोन्ही हातांनी दाबलं, मग कोपरानं, मग सरळ वरच बसली. उठली की झाकण पुन्हा बोटभर वर! डीप फ्रीझरच्या आतल्या भिंतींवर बर्फाचा असा थर चढला होता की थालीपिठांची पाकिटं ओढताना फाटत होती. आणि हा सगळा बर्फ तिनं परवा-परवाच तर काढला होता.

चार वाजता कल्याणीनगरच्या पाळणाघराच्या ऋचाताई येणार होत्या. पोरांच्या रोजच्या नाश्त्याला हिचे पराठे घ्यायचे की नाही, ते त्या फ्रीझर बघून ठरवणार होत्या. येरवड्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत मांडलेल्या या गोठवलेल्या थालीपीठ-पराठ्यांच्या धंद्याकडे पहिल्यांदाच एवढं मोठं गिऱ्हाईक वळून बघत होतं.

"आई, शेजारी शालनमावशींना पुन्हा बर्फ दिलात ना?"

सासूबाई नातीला वरणभात भरवत होत्या. "दिला. तिच्या जावयाचा पाय मुरगळलाय. बर्फच मागितला बाई, किडनी नाही मागितली."

"झाकण उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते आणि तिचाच बर्फ होतो. किती वेळा सांगायचं?"

"लिहिलंयस की भिंतीवर. विनाकारण उघडू नये. खाली आता 'कारण असले तरी' असं वाढव."

प्रियदर्शनीनं तिकडे बघितलं. भिंतीवर त्या कागदाशेजारीच तापमापकाचा छोटा पडदा होता. भाजी निवडताना, लेकीला न्हाऊ घालताना तिची मान आपोआप तिकडे वळायची. आत्ताही आकडा होता उणे अठरा. सगळं ठीक! मग हा डोंगर कुठून?

शेवटी बटण बंद केलं. पाकिटं शालनमावशींच्या फ्रीजमध्ये गेली. आत गरम पाण्याची पातेली ठेवून ती वाट बघत बसली, पण घड्याळ काही थांबत नव्हतं. तेवढ्यात सासूबाई उलथणं घेऊन आल्या.

"अहो आई, ते नको! भिंतीतल्या गॅसच्या नळीला भोक पडलं तर फ्रीझरच गेला."

"मग काय, फुंकर घालू?"

लाकडी कालथ्यानं बर्फ निघू लागला. भिंतींवरचा भुसभुशीत होता, मुकाट्यानं पडला. मागच्या कोपऱ्यातला, बिजागरीखालचा, मात्र नारळाएवढा गोळा हलेना. लेक रडायला लागली, फरशीवर तळं झालं, प्रियदर्शनीची बोटं बधिर झाली. "निघ ना रे बाबा!" ती त्या गोळ्यावरच खेकसली. गोळा फुटला, आणि आतून काळी वायर निघाली.

तापमापकाची. टोकाला सेन्सर, बर्फात गुरफटलेला. तिथं आकडा उणे अठराच दिसणार होता की. वायर झाकणाच्या रबराखालून बाहेर येऊन भिंतीवर चढली होती. ती होती तिथं रबर दबून फट राहिली होती. झाकण न उघडता आतलं कळावं म्हणून तिनंच ती तिथून ओवली होती.

सासूबाईंनी वाकून ती फट नीट बघितली.

"शालन एवढी बारीक झालीय होय? इथून शिरते?"



ऋचाताई आल्या तेव्हा ती फरशी पुसत होती. 'लाइट गेली होती' हे अगदी जिभेवर आलं होतं. पण यांच्याकडची पोरं तिच्या लेकीएवढीच. "चूक माझीच," ती म्हणाली, आणि वायर दाखवली. "फाटलेली पाकिटं आम्ही घरीच संपवतो. बाकीची घट्ट आहेत, पण तुम्हाला नव्यानं करून देईन."

ऋचाताई रबरावरून बोट फिरवत राहिल्या. "आज हो म्हणत नाही. सोमवारी न सांगता येईन. आत बर्फ दिसला, तर पराठ्यांचं राहू दे."

त्या गेल्या. वायर काढली, दबलेलं रबर गरम फडक्यानं शेकून वर आणलं, कोरडं केलं. झाकण धप्प करून बसलं. बटण चालू झालं, आणि भिंतीवरचा पडदा आता खोलीचंच तापमान सांगू लागला.

"किती झालं गं?" सासूबाईंनी सवयीनं विचारलं.

"माहीत नाही."

ती फ्रीझरपाशी आली. आत गार होतंय का? रबर पुन्हा दबलं तर? जरासंच बघावं... हात झाकणाकडे गेला.

सासूबाई उठल्या आणि नातीला कडेवर घेऊन झाकणावर ऐसपैस बसल्या.

"उघड आता," त्या म्हणाल्या.